लेकीच्या गालावरच्या पुळ्या आणि आमचे मामा

आमच्या ह्यांच्या मामांइतका उतावळा माणूस मुलुंडच्या चेकनाक्यापासून थेट शीवपर्यंत दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल अशी चिन्हंही दिसत नाहीत. मामांना एखादी गोष्ट आवडली की ती जगातली सर्वोत्तम ठरायची, आणि एखादी वस्तू हाती लागली की ती उघडली जायची. आम्हाला लग्नात आलेलं टेबलावरचं घड्याळ ‘जरा जास्तच टिकटिकतंय’ म्हणून त्यांनी खोललं. त्यानंतर ते टिकटिकेनासं झालं आणि वेळही दाखवेनासं झालं. टेबलफॅनला तेल दिलं, तेव्हापासून तो आम्हाला सोडून भिंतीला वारा घालू लागला. पण ह्याचा राग कुणाला यायचा नाही, कारण वस्तू बिघडली की मामा आमच्याआधी हळहळायचे आणि लगेच म्हणायचे, “पण सूनबाई, आत काय कारागिरी आहे! तू बघायला हवं होतंस!”

भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात ते फोरमन होते. त्यामुळे घरात साधा टोमॅटो चिरला तरी “थांब, थांब! हा लाल बघ! हा डब्यात उतरवता आला पाहिजे!” असं चालायचं. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला मुद्दाम चेकनाक्यावर घेऊन जायचे आणि रस्त्याच्या मधोमध उभं करून सांगायचे, “आता तुझा एक पाय मुंबईत आहे आणि एक ठाण्यात! कसं वाटतंय?” पाहुण्याला मागून येणाऱ्या ट्रकखेरीज काही वाटत नसे, पण मामांच्या चेहऱ्याकडे बघून तोही “झकास!” म्हणायचा.

मात्र मामांच्या उत्साहाला खरी भरती यायची ती तान्ह्या बाळांना बघून. गल्लीत मूल जन्मल्याची बातमी बापाच्या आधी मामांना कळायची. कारखान्यातून सुटले की कपाळावर रंगाचे शिंतोडे तसेच ठेवून ते सूतिकागृहात हजर. एकदा तिथल्या नर्सबाईंनी दारातच हटकलं, “अहो, तुमचं कोण आहे इथे?” मामा म्हणाले, “माझं कुणी नाही हो. पण बाळ तर आहे ना!” त्या बिचाऱ्या बाजूला झाल्या. गंमत म्हणजे, दिसेल ती वस्तू उचलणारा हा माणूस पाळण्याजवळ गेला की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. वाकून वाकून बघायचा, हसायचा, पण हात म्हणून लावायचा नाही. लाजत असतील, असं मला वाटायचं.

माझ्या थोरलीच्या वेळी माझी आई पाय मोडून पडली होती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलुंडचं आमचं दोन खोल्यांचं घर, सासूबाई, मी आणि ती एवढीशी पोर. हे सकाळी कामावर गेले की संध्याकाळपर्यंत दिसायचे नाहीत. पोर तीन आठवड्यांची होईतो सगळं सुरळीत चाललं होतं. गाल असे गुळगुळीत, की मामा त्यांना ‘पहिल्या नंबरचं पॉलिश’ म्हणायचे. आणि एके दिवशी सकाळी दुपटं बाजूला करते तर दोन्ही गालांवर, कपाळावर लाल लाल पुळ्या! काहींच्या टोकाला पांढरा ठिपका. पोरीला त्याचं काही नव्हतं; ती मजेत दूध पीत होती. रडत होते ती मी.

सासूबाईंनी एक नजर टाकली आणि निकाल दिला, “लोणच्याची फोड खाल्लीस ना परवा? उतरली बघ अंगावर.” त्या क्षणापासून माझं लोणचं गेलं, भाजी गेली, डिंकाचे लाडू वरच्या फळीवर गेले. ताटात उरला मऊ भात, त्यावर तूप नि मीठ. एवढ्यात शेजारपाजारच्या बायका जमल्या. कुणी म्हणे डाळीचं पीठ लावा, कुणी म्हणे हळद नि साय, कुणी पावडरचा डबाच घेऊन आली. आंघोळ घालणाऱ्या बाईंनी तर बाही सारली आणि म्हणाल्या, “थोडं गरम तेल चोळते आणि नखानं पिळून काढते. एकदा ओरडंल, पन साफ होईल.”

तेवढ्यात जिन्यातूनच आवाज आला, “कुठाय आमची राणी?” मामा! त्यांनी पाळण्यात डोकावलं आणि त्यांचे डोळे चमकले. “अगं अक्का, ही तर आत्ताच वयात आली! बघ तरी, तारुण्यपीटिका! आणि हा लाल कुठला म्हणायचा, डाळिंबी की...” बोलता बोलता त्यांची नजर त्या बाईंच्या तेलाच्या वाटीवर गेली आणि मामा एकदम थांबले. मी त्यांना असं मधेच थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“हात लावू नका,” ते म्हणाले. “कुणीही नाही.”

“अरे, पण तुला काय कळतं त्यातलं?” सासूबाई म्हणाल्या.

“मला काही कळत नाही अक्का, म्हणूनच म्हणतो. ज्याला कळतं त्याच्याकडे जाऊ. सूनबाई, ऊठ. टांगा आणतो.”

आणि खरोखरच ते टांगा घेऊन आले. स्टेशनजवळच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यापर्यंत मामा टांगेवाल्याशेजारी बसून दर खड्ड्याला ओरडत होते, “अरे, हळू! मागे बाळ आहे, बटाटे नाहीत!” घोड्याचे कान शेवटी टांगेवाल्याने हाताने झाकले म्हणतात. ही मामांनीच पुढे घातलेली भर असावी.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला उजेडात नेऊन नीट पाहिलं. ताप नाही, दूध पिते, पुळ्यांत पू धरलेला नाही, हे सगळं विचारून घेतलं आणि मग हसल्या. “घाबरण्यासारखं काही नाही. पोटात असताना आईच्या अंगातले काही रस बाळात उतरतात. ते ओसरेपर्यंत कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी जोरात असतात, म्हणून ह्या पुळ्या. पुष्कळ बाळांना येतात. काही आठवड्यांत आपोआप जातील, कुणाच्या थोड्या जास्त रेंगाळतात.”

“मग करायचं काय?” मामा जवळजवळ टेबलावर चढले होते.

“कोमट पाण्याने दिवसातून एकदा तोंड धुवायचं, मऊ फडक्याने टिपायचं. घासायचं नाही. अंगाला तेल लावा, तोंडाला नको. मलम, पीठ, पावडर काही नको, आणि पिळायचं तर मुळीच नाही. पू झाला, ताप आला, दूध प्यायची थांबली तर लगेच घेऊन या.”

मी घाबरत घाबरत विचारलं, “माझ्या खाण्याने झालं का?”

“छे! तुम्ही पोटभर जेवा.”

“ऐकलंस?” मामा इतक्या जोरात म्हणाले की बाहेर बसलेलं एक मूल रडायला लागलं. “पोटभर!”

मग काय विचारता! ‘काहीही न करणे’ हा कार्यक्रम मामांनी जेवढ्या धडाक्याने राबवला तेवढा कुणी किल्लासुद्धा लढवला नसेल. कारखान्यातून येता येता रोज आमच्याकडे फेरी. फडकं मऊ आहे का, म्हणून आधी स्वतःच्या गालावर घासून बघायचे. पाणी कोमट आहे का, म्हणून कोपर बुडवायचे आणि सदऱ्याची बाही भिजवून घ्यायचे. आंघोळ घालणाऱ्या बाईंचा हात पोरीच्या गळ्याच्या वर सरकला की दारातून “हद्द संपली!” अशी आरोळी. त्या बाई वैतागून म्हणायच्या, “ह्यांनाच न्हाऊ घालते आज!” सासूबाईंनी मात्र डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खोडून काढलं नाही, पण लाडूंचा डबाही खाली काढला नाही.

अशात लांबलेलं बारसं आलं. पुळ्या अगदी भरात! मुंबईभरचे नातेवाईक जमले, दाराला तोरण, घरभर पुरणाचा वास, आणि पाळण्यात आमची ठिपक्याठिपक्यांची राजकन्या. मामा हातात पंखा घेऊन पाळण्याशी उभे. येणाऱ्या प्रत्येकाला आनंदाने सांगत होते, “बघा, भरपूर बघा! फक्त बोट लावायचं नाही!” एवढ्यात लांबच्या नात्यातल्या एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आईने पथ्य पाळलं नाही की असं होतं. भोगतं बिचारं लेकरू.”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मामा आता उसळणार, म्हणून सगळे बघायला लागले. पण मामांनी पंखा खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, “आमची पोर आज सासरी नांदते, पण तान्ही असताना तिलाही असंच आलं होतं. मला धीर कुठला! घरात खरजेचं मलम होतं, तेच चोळलं. दुसऱ्या दिवशी गालाचं साल निघालं. पोर तळमळत होती आणि घरातले सगळे हिला म्हणत होते, तू काय खाल्लंस? ही महिनाभर मीठ-भात खात राहिली. दूध आटलं हिचं. आणि मलम मी लावलं, हे मी कुणाला बोललोच नाही.”

‘ही’ म्हणजे मामी. त्या स्वयंपाकघराच्या दारात पुरणपोळ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. आणि मामींना तेव्हा तो मीठ-भात वाढणारी कोण, हे मला सासूबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. मामी मामांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला ठाऊक होतं. मलमाची डबी उघडी होती. चला आता, पोळ्या गार होतात.”

सासूबाई उठल्या, स्टुलावर चढल्या, वरच्या फळीवरचा डबा काढला. पहिला लाडू त्यांनी मामींच्या हातावर ठेवला. दुसरा माझ्या. त्या लांबच्या बाईंना काही मिळालं नाही.

पुळ्या पुढे हळूहळू मावळल्या. एके दिवशी संध्याकाळी मामा आले, पाळण्यात डोकावले आणि म्हणाले, “गेल्या की गं सगळ्या!” आवाजात आनंद होता आणि पाहुणे गेल्यावर घर सुनं वाटावं तसं काहीतरीही होतं. आता टिपायला काही नव्हतं, राखायला काही नव्हतं. ते नुसते बसून राहिले. थोड्या वेळाने मामी त्यांना बोलवायला आल्या आणि त्याही शेजारी बसल्या. मग मामींनी मामांचा उजवा हात धरला आणि पोरीच्या गालाशी नेला. मामांनी आधी बोटं आखडून घेतली. मामी म्हणाल्या, “लावा हो. काही होत नाही.”

त्यांनी बोटाची मागची बाजू गालाला लावली, जेमतेम. पोर झोपेतच हसली.

दिवे लागले तरी ती दोघं तशीच बसलेली होती. आज दोघंही नाहीत. लेक मला विचारते, “आई, मामाआजोबा कसे होते गं?” मी घड्याळाची गोष्ट सांगते, टांग्याची सांगते, ती पोट धरून हसते. त्या संध्याकाळचं काही मला अजून नीटसं सांगता येत नाही.