जावेचा हात

माझी धाकटी जाऊ प्रार्थनेला बसली की देव ऐकतो, असं आमच्या वस्तीत सगळे म्हणायचे. माझं ऐकत नाही असं कोणी म्हणत नव्हतं. माझ्याबद्दल कोणी काही म्हणतच नव्हतं, आणि तेच मला जास्त लागायचं.

श्रीरामपूरपासून एसटीने पाऊण तासावर आमचं गाव, गावाच्या कडेला ख्रिस्ती वस्ती. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नवरा शुगर फॅक्टरीत, दीर टेम्पोवर, आणि आम्ही दोघी जावा एका चुलीवर. मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. रविवारी मुलांना बायबल शिकवायची शब्बाथशाळा मीच घ्यायचे, कितीतरी स्तोत्रं मला तोंडपाठ. ती शेवगावकडची. उपदेश सुरू झाला की तिला डुलकी लागायची, बेसूर गायला लागली की पेटीवाला वळून बघायचा. पण कुणाचं मूल तापलं, कुणाची गाय अडली, की बाया आमच्या दारात. मी समोर ओट्यावर बसलेली असले तरी मलाच विचारायच्या, "धाकल्या बाई हायेत का?"

आहेत, म्हणायचे मी, आणि आत जाऊन भांडी जरा जोरातच आपटायचे.

तिची रीत साधी होती. शुक्रवारी कडक उपास. आमच्यात उपास म्हणजे नुसतं पाणी. शेजारच्या पाटलीणबाईंनी एकदा प्रेमाने साबुदाण्याची खिचडी आणून दिली, तर तिने ती माझ्या मुलाला भरवली आणि स्वतः हसत तांब्याभर पाणी प्याली. दुपारी जो येईल त्याच्या डोक्यावर हात ठेवायची आणि दोन वाक्यं बोलायची. दोनच. माझी प्रार्थना तिच्यापेक्षा कितीतरी चांगली असायची, वचनांसकट.

मग मीही शुक्रवार धरला. पुढे बुधवारही धरला. खोटं कशाला बोलू, ते देवासाठी नव्हतं. मला तिच्या पुढे जायचं होतं. उपास करताना तोंड उतरवून फिरू नका, असं प्रभूने सांगितलंय. म्हणून मी डोक्याला तेल चोपडून, पावडर लावून ओट्यावर बसायचे. आमच्या वस्तीत बुधवारी भर दुपारी पावडर लावून बसलेली बाई उपासाचीच असणार, हे सगळ्यांना कळायचं. तरी माझ्यासाठी म्हणून एकही बाई दारात आली नाही.

त्या वर्षी कारखान्याचं गाळप चालू असताना माझ्या मुलाला टायफॉइड झाला. जेमतेम बोलायला लागलेलं पोर. श्रीरामपूरच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण ताप हटेना. पुढे पुढे तर त्याचं कण्हणंही थांबलं, नुसतं आढ्याकडे बघत पडून राहायचं. सासूबाई म्हणाल्या, "धाकलीला हात ठिवू दे त्याच्यावर."

"मी आई आहे त्याची," मी म्हणाले. "देव माझं ऐकणार नाही का?"

जाऊ दारातच उभी होती. तिने ऐकलं आणि मागच्या मागे निघून गेली. मी मुलाजवळ चटई टाकून उपास धरला आणि तिला त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. पोराचा जीव टांगणीला लागलेला, आणि मला भीती कशाची, तर तिच्या हाताने तो बरा झाला तर! आईच्या मनात असं यावं का? पण येत होतं.

ताप उतरला. एका सकाळी त्याने चहात बुडवायला बटर मागितलं. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं.

आमच्यात असं काही झालं की रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उभं राहून देवाने काय केलं त्याची साक्ष द्यायची असते. मी ती आठवडाभर मनात घोळवली. मी उपास केला, मी रडले, देवाने माझं ऐकलं. जावेचं नाव घ्यायचं कारणच नव्हतं, तिने त्याला हातसुद्धा लावला नव्हता. पण मी पदर सावरून उठते न उठते तोच ती उभी राहिली. जन्मात कधी साक्ष न दिलेली बाई म्हणाली, "माझ्या थोरल्या जावंचा उपास देवानं मान्य केला. मी काय केलं न्हाई. हितून म्होरं कुनाला प्रार्थना पायजे आसंल तर त्यांच्याकडं यावं." आणि खाली बसली.

सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. मी उभीच राहिले. माझ्या तोंडचा घास काढून घेऊन तिने तो मलाच भरवला होता, तोही चारचौघांत. मला तिचा इतका राग याआधी कधीच आला नव्हता.

पुढच्याच शुक्रवारी एक बाई तापलेली मुलगी खांद्यावर टाकून आली. "थोरल्या बाई हायेत का?" या शब्दांची मी किती वाट पाहिली होती. आणि ऐकले तेव्हा तोंडपाठ वचनांतलं एकही आठवेना. तिला ओट्यावर बसवून मी आत गेले. जाऊ भाकरी खात बसली होती, शुक्रवार असून.

"चल बाहेर," मी म्हणाले. "तूच ठेव हात."

"माझ्या हातात आता काय न्हाई, बाई." तिने वर पाहिलं नाही. "पोरगं पडलं हुतं तवा देवाला म्हनले, हे येक आयक, मंग पुना माझं आयकलं न्हाईस तरी चालंल. दिलंस ते समदं काढून घे. त्यानं घेतलं."

"असं कुठं असतं का?"

"मला कळतंय की. डोळं मिटलं की आत कुनीच नसतंय."

तिने पाण्याचा घोट घेऊन घास कसाबसा खाली ढकलला. मी उंबऱ्यातच थांबले. खरं तर मी तिचे पाय धरायला हवे होते. पण मला काय वाटलं ते सांगते: जळफळाट झाला माझा. ज्याची मला एवढी हाव होती ते तिच्याजवळ खरोखर होतं, आणि तिने ते माझ्याच पोरावरून ओवाळून टाकलं होतं. ओवाळून टाकायला माझ्याजवळ काय होतं? उपाशी पोट आणि पावडर.

बाहेर मुलगी रडायला लागली. मी गेले आणि तिच्या तापलेल्या कपाळावर हात ठेवला. तिच्या आईने विश्वासाने डोळे मिटले. मला मिटता आले नाहीत. माझी नजर आतल्या दाराकडेच होती.