पडद्याच्या शिवणीची शंका

वहिनींनी आयुष्यात कधी कुणावर संशय घेतला नव्हता. भाजीवाल्याने मापात मारलं तरी "तराजूच बिघडला असेल हो त्याचा" असं म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या. अशा वहिनींनी एका सकाळी चहा पिता पिता एका मोठ्या, नव्याकोऱ्या हॉस्पिटलवर निविदेत गडबड केल्याचा आरोप केला. तोही लेखी, आणि इंग्रजीत.

वहिनींचं पडद्यांचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप हा शब्द पाटीवर शोभून दिसायचा. प्रत्यक्षात ती घरामागची एक लांबट खोली होती. मधोमध कापड कापायचं टेबल, भिंतीला टेकून उभे ठेवलेले कापडाचे तागे, खिडकीखाली शिलाईची मशिनं. कापायचं काम दादांचं, म्हणजे वहिनींच्या यजमानांचं. दादा मापाला पक्के आणि बोलायला कच्चे. शिवायचं काम छकूचं. गिऱ्हाईक, पैसे, फोन, तक्रारी आणि रुसवेफुगवे हे सगळं वहिनींकडे.

छकू ही दादांची धाकटी बहीण. चाळिशी ओलांडली, चष्मा लागला, तरी घरातलं लाडाचं नाव काही सुटलं नाही. तिच्या तोंडी वहिनी, म्हणून सगळ्या गल्लीच्या तोंडी वहिनी. नणंद-भावजयीचं कधी पटतच नाही असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी या खोलीत एक दुपार येऊन बसावं. लग्न मोडून छकू परत आली, त्या दिवशी वहिनींनी तिला एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. मशिनसमोरचं स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "बस. एवढी कड दुमडून दे बघू मला." तेव्हापासून छकू त्या स्टुलावर होती.

आणि आता ती जायची भाषा करत होती. ज्या हॉटेलचे पडदे वर्षानुवर्षं इथून जात, त्याने खिडक्यांना सरकत्या पट्ट्या बसवल्या आणि पडद्यांना रामराम ठोकला. मशिनं गप्प बसायला लागली. लांबच्या एका शहरात कपड्यांच्या कारखान्यात देखरेखीला बाई हवी होती, राहायला खोलीही देणार होते. छकूने चौकशी केली, त्यांनी हो म्हटलं, आणि पुढच्या शनिवारपर्यंत काय ते कळवा म्हणून सांगितलं.

"दादाच्या ताटातलं किती दिवस खाऊ, वहिनी?"

"खा की. तो तरी कुठे पोटभर जेवतो?" वहिनी म्हणाल्या. कारखान्याची खोली कशी असते ते त्यांना ठाऊक होतं. आणि छकूशिवाय ही खोली कशी असेल, याचा विचारच त्यांना करवत नव्हता.

अशात त्या नव्या हॉस्पिटलची निविदा निघाली. सगळ्या वॉर्डांमध्ये खाटांभोवती ओढायचे पडदे हवे होते. हे काम मिळायची आशा दिसली तर छकू राहणार, नाही दिसली तर जाणार, इतकं ते सरळ होतं.

सरळ नव्हतं ते निविदेचं इंग्रजी. कुणीतरी एकही वाक्य समजता कामा नये अशी शपथ घेऊन ते लिहिलं असावं. नशिबाने वहिनींनी दोन महिन्यांपासून हार्डवेअरच्या दुकानावरच्या माळ्यावर 'व्यापारी इंग्रजी' शिकायला सुरुवात केली होती. शिकवणारे सर जन्मभर एका जहाज कंपनीत पत्रं टाइप करून निवृत्त झालेले. दर आणि मुदत कशी विचारायची, नमुना कसा मागायचा, नाही म्हणताना गोड कसं बोलायचं, सगळं सर पाठ करून घेत. खाली कुणी पत्रा कापायला लागलं की वर 'युवर्स फेथफुली' ओरडून म्हणावं लागे.

निविदेत सगळं घोडं अडलं एका शब्दापाशी. प्रत्येक पडदा 'सीमलेस' हवा, असं त्यात म्हटलं होतं.

दादा कधी नव्हे ते उत्साहाने बोलले. "सीमा-लेस! म्हणजे सीमाच नाही! कितीही पडदे लागतील म्हणतायत!"

घरात दहा मिनिटं आनंदीआनंद झाला. मग वहिनींनी सरांना फोन केला आणि आनंद संपला. सीम म्हणजे शिवण. पडदा बिनशिवणीचा हवा होता.

आता बाजारात मिळणारा तागा खाटेभोवती फिरण्याइतका रुंद नसतो. दोन पट्टे जोडल्याशिवाय पडदा होत नाही. बिनजोडाचं रुंद कापड परदेशातून मागवणाऱ्या कंपन्या होत्या. त्यांच्यासमोर वहिनींचा काय पाड लागणार? पण छकूने पुढचं पान वहिनींकडून वाचून घेतलं आणि मशिनवर बोट आपटलं. "पडद्याला वरच्या कडेला जाळीची पट्टी हवी म्हणतायत, वारा खेळायला. ती काय डिंकाने चिकटवायची? शिवणच लागणार ना? म्हणजे एक तर यांना कळत नाहीये, नाहीतर आपल्याला."

"विचारून टाकू," वहिनी म्हणाल्या.

विचारायचं म्हणजे नीट विचारायचं. कुणाच्या घरी गेलं तर आपण थेट स्वयंपाकघरात शिरत नाही, आधी दारातून हाक मारतो. तसं वहिनींनी आधी नुसती हाक मारायचं ठरवलं: आम्हाला तुमच्या निविदेबद्दल एक शंका आहे, विचारू का? शिवाय चारचौघांत आपल्या इंग्रजीची लाज वाटते, तेव्हा एकटं भेटता आलं तर बरं. सकाळच्या चहाबरोबर त्यांनी हे सगळं मोबाईलवर टाइप केलं. 'वुई हॅव डाउट अबाउट युवर टेंडर. प्लीज मीट अस प्रायव्हेटली.' छकूने वाचलं आणि 'प्लीज' आहे म्हणून तिलाही ते सभ्य वाटलं. पाठवून दिलं.

उत्तर दुपारीच आलं. वाचता वाचता वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या निविदेविषयी आपल्याला संशय आहे याची गंभीर नोंद घेतली आहे. कोणालाही खासगीत भेटण्याची आमच्याकडे पद्धत नाही. शुक्रवारी सर्व इच्छुक पुरवठादारांची बैठक आहे. तिथे आपला संशय सर्वांसमोर मांडावा, आणि पुरावा असल्यास सोबत आणावा.

"पुरावा?" छकू म्हणाली. "कसला पुरावा?"

वहिनी चपला अडकवून तडक माळ्यावर गेल्या. सरांनी मोबाईल हातात घेतला, आधी चष्म्यातून वाचलं, मग चष्म्यावरून वाचलं, आणि पोट धरून हसत सुटले.

"अहो बाई, डाउट म्हणजे संशय! शंका विचारायची तर क्वेश्चन म्हणायचं, फारच टापटीप हवी असेल तर क्लॅरिफिकेशन. तुम्ही त्यांना म्हणालात, मला तुमच्यात काळंबेरं दिसतंय. वर म्हणालात, एकटं भेटा! याचा अर्थ काय होतो, कळतंय का? आणि हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

वहिनी हळूच म्हणाल्या, "सर, रोज तास संपला की तुम्हीच विचारता ना, 'एनी डाउट्स?'"

सरांचं हसू जागच्या जागी थिजलं. जहाज कंपनीतली सारी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोरून झरझर सरकली असावीत, कारण ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ खाली वाजणारा पत्रा ऐकत राहिले. "मी तर कॅप्टनलासुद्धा..." एवढंच ते पुटपुटले. पण माणूस चांगला. त्यांनी लगेच बाह्या सरसावल्या आणि शुक्रवारपर्यंत वहिनींना दोन्ही वेळ माळ्यावर बोलावलं.

क्लॅरिफिकेशन काही वहिनींच्या जिभेवर बसेना. क्लॅफिरिकेशन, क्लॅरिकिफेशन, एकदा तर काहीतरी औषधाच्या बाटलीसारखं बाहेर आलं. शेवटी सरांनी हात टेकले. "राहू द्या. क्वेश्चन म्हणा. आणि अडलात तर जे मनात आहे ते साधं बोला. व्याकरण गेलं खड्ड्यात." व्यापारी इंग्रजीच्या शिक्षकाच्या तोंडी हे वाक्य शोभत नव्हतं, वहिनींना मात्र त्या वाक्याने फार धीर आला.

बैठकीच्या हॉलमध्ये खुर्च्यांची प्लास्टिकची वेष्टनंही अजून निघाली नव्हती. कुणी जरा हललं की चरचर आवाज व्हायचा. टाय लावलेली बरीच माणसं होती, लॅपटॉप होते, जाडजूड नमुन्यांच्या पेट्या होत्या. वहिनींच्या मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात छकूने शिवलेला पडद्याचा एक तुकडा. समोर खरेदी विभागाच्या प्रमुख बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी मुख्य नर्स. प्रमुख बाईंनी कागद चाळले आणि मान वर न करता इंग्रजीत विचारलं, "आमच्यावर संशय असलेलं कोण आलंय?"

सगळ्या खुर्च्या एकदम चरचरल्या. वहिनींना वाटलं, उठावं आणि सरळ घर गाठावं. पण घरी छकूने सामान काढून ठेवलं होतं. त्या उभ्या राहिल्या.

"मॅडम, मी," त्या इंग्रजीत म्हणाल्या, आणि पाठ केलेलं सगळं तिथल्या तिथे विसरल्या. क्लॅरिफिकेशन नाही, क्वेश्चन नाही, काही म्हणजे काही आठवेना. मग जे मनात होतं ते तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडायला लागलं. "माझ्या भाषेत एक शब्द आहे, शंका. विचारायचं असतं तेव्हा तोच. विश्वास नसतो तेव्हाही कधीकधी तोच. मला विचारायचं होतं. लिहिताना चुकलं. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

"आणि खासगीत भेटा, ते?"

"ते... लाज वाटली म्हणून. माझ्या इंग्रजीची."

हॉलमध्ये हशा पिकला. वहिनींना पण हसू आलं. एवढं सगळं झाल्यावर आता लाजायला उरलं तरी काय होतं? प्रमुख बाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "बरं. मग आता सगळ्यांसमोर विचारा."

वहिनींनी पिशवीतला तुकडा काढला आणि टेबलावर पसरला. वरची जाळी दाखवली, जाळीची शिवण दाखवली, मग मधला जोड. "ही शिवण तुम्ही मागता. ही शिवण तुम्ही नको म्हणता. का?"

प्रमुख बाईंनी मुख्य नर्सकडे पाहिलं. नर्सने जोडावरून अंगठा फिरवला, तुकडा उलटा केला, पुन्हा फिरवला. उघड्या कडेत घाण अडकते, धुतली तरी निघत नाही, म्हणून ती अट घातली होती, असं त्यांनी सांगितलं. पण हा जोड दोन्ही बाजूंनी दुमडून सपाट केलेला होता, कड कुठे उघडीच नव्हती. "असा असेल तर मला चालेल," त्या म्हणाल्या. "कुणी शिवलाय?"

"माझ्या नणंदेने," असं वहिनींना म्हणायचं होतं. नणंदेला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यांना येत होतं, पण त्या घाईत तो शब्दही पळाला आणि 'माय सिस्टर' निघून गेलं.

अट बदलली. आतली कड झाकलेली असेल तर शिवण चालेल, अशी दुरुस्ती सगळ्या पुरवठादारांना संध्याकाळपर्यंत पाठवायचं ठरलं. बाहेर पडताना एक टायवाला वहिनींच्या जवळ आला. "बरं झालं तुम्ही विचारलंत. आम्ही आठवडाभर तेच डोक्याला लावून बसलो होतो. कुणी विचारायचं, म्हणून गप्प होतो." वहिनी हसल्या. हा आता आपल्यापेक्षा कमी भाव लावायला मोकळा झाला, हे त्यांच्या लक्षात यायला बसस्टॉप यावा लागला. तरी त्यांना वाईट वाटलं नाही. शर्यतीच्या बाहेर उभं राहण्यापेक्षा आत उतरून धावलेलं बरं.

घरी आल्या तेव्हा छकू मशिनवर फडकं मारत होती, जाताना माणूस जसं सगळं नीटनेटकं करून ठेवतो तसं. बॅग दाराशी होती. वहिनींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: संशय, हशा, नर्सचा अंगठा, बदललेली अट. दादा टेबलाशी कात्री तशीच धरून ऐकत होते. नर्सने 'कुणी शिवलाय' विचारलं तिथे छकूने चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिली.

मग ती उठली आणि फोन लावला. "हो, मीच बोलतेय. नाही, मी येत नाही. तुम्ही दुसरी बाई बघा. हो, नक्की. इथे हॉस्पिटलचं काम आहे आमच्याकडे."

वहिनींनी घाबरून तिचा हात धरला. "अगं बाई, काय बोललीस हे! निविदा भरायची आहे अजून. भाव लावायचे आहेत. मिळालंय कुठे ते काम?"

"मग मिळव," छकू म्हणाली आणि स्टूल ओढून मशिनसमोर बसली. "तुला आता विचारता येतं."