जर्मनीतला भरलेला टब

मंडळी, घरातलं मोठं माणूस पहिल्यांदा परदेशी निघालं की तुम्ही काय काय बजावता?

सासूबाई नणंदेकडे जर्मनीला गेल्यात. मी सांगितलं होतं, औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, लोणचं मोठ्या बॅगेत टाका, ताईचा पत्ता कागदावरही असू द्या, फोनचं काही खरं नसतं. तिथल्या चार्जिंगची वेगळी पिनसुद्धा शहागंजच्या बाजारातून आणून दिली. त्या सुखरूप पोचल्या.

आज दुपारी नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. वैतागलेली होती. "वहिनी, आईनं बाथटब काठोकाठ भरून ठेवलाय, वर चादर टाकलीये. कुणाला हात लावू देत नाही!"

सासूबाई मागून म्हणाल्या, "नळाचा काय भरवसा? आज हाय, उद्या नाय."

त्यांचं तरी काय चुकलं? यंदाही पाऊस नाही. आमच्या वसाहतीत इमारती लई वाढल्या आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही कधी येईल सांगता येत नाही.

मी समजावत होते, तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं!" फोन ओट्यावर टेकवून मी पळाले. जर्मनीतून आवाज आला, "आधी मोटर लाव गं!"

टाकी, पिंप, हंडे भरून परत आले, तर कॉल चालूच. सासूबाई तशाच बसलेल्या.

"भरलं सगळं?"

"व्हय, भरलं."

मग त्या लेकीकडे वळल्या. "घे आता तुझा टब. पण पाणी सांडू नको, झाडांना घाल."