नकाशातली विहीर

घरामागच्या मोकळ्या जागेत दोन खोल्या काढायच्या होत्या. बांधकाम परवानगीसाठी जागेचा नकाशा हवा होता, म्हणून मी गट नंबर भरून तो ऑनलाइन मागवला. चार दिवसांनी आला. आई चष्मा लावून शेजारी बसली.

नकाशात आमची जागा म्हणजे जेमतेम बोटभर चौकोन. त्याच्या कोपऱ्यात एक बारीक वर्तुळ होतं.

“हे काय रे?”

“विहीर,” मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

माझी धाकटी बहीण सुमी त्याच विहिरीत गेली. पाय घसरला की तिनंच उडी घेतली, हे कुणी कुणाला विचारलं नाही. महिन्याभरात वडिलांनी विहीर बुजवली, भिंतीवरचा तिचा फोटो उतरवला. तेव्हापासून घरात तिचं नाव निघालं नव्हतं. माणसं किती निगुतीनं विसरायला शिकतात! नकाशा मात्र जुन्या मोजणीचा. त्याला बुजवल्याचं कुणी कळवलंच नव्हतं.

मी पाठवलेला नकाशा पाहून बांधकामाचे इंजिनिअर फोनवर म्हणाले, “विहीर बुजवली आहे ना? मग तसा अर्ज द्या, खूण काढून टाकतील.”

आईनं ते ऐकलं. तिनं त्या वर्तुळावर बोट ठेवलं.

“राहू दे ती खूण,” ती म्हणाली. “खोल्या दुसरीकडे काढ. आणि सुमीचा फोटो कुठं ठेवलाय, तेवढं शोध.”