एका बाजूनं धुतलेली म्हैस

फुंकरीनं उडणाऱ्या चेंडूपुढं हात टेकलेला पैलवान साऱ्या कोल्हापुरात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. सत्तर सालच्या आसपास कुस्ती सुटल्यावर मामा वाचनालयामागच्या खोलीत टेबल टेनिस खेळू लागले. तिथं त्यांना भेटले कुरुंदवाडचे टेलरचाचा. चाचा चेंडूला बॅटनं खालून असा काही कट द्यायचे, की मामांनी मारलेला फटका बिनचूक जाळीत जायचा. मामांच्या मते यावर उपाय एकच होता, आणखी जोरात मारायचं. त्यात दोन बॅटी मोडल्या, जाळीला भोक पडलं आणि दर वर्षी गल्लीच्या स्पर्धेत चाचा हसत हसत जिंकत राहिले. मरायच्या आत या माणसाला एकदा हरवायचं, एवढी एकच इच्छा मामांना उरली होती.

शेवटी मी धीर करून म्हणालो, "मामा, कटाचा चेंडू ठोकू नका. गुडघ्यात वाका, बॅट मांडीपाशी न्या आणि चेंडूला खालून वर घासत उठा. त्यालाच टॉपस्पिन म्हणतात."

मामांचा चेहरा उजळला. "म्हंजे बैठक मारून उठायचं की! आधी सांगायचं न्हाय व्हय, जावईबापू?"

झालं! त्या दिवसापासून मामांना सगळं जग खालून वर घासण्याजोगं दिसू लागलं. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी बैठक मारून अक्षता अशा काही उडवल्या, की त्या नवरानवरीला ओलांडून थेट बँडवाल्याच्या पिपाणीत गेल्या. ताटावर बसले की भाकरीचा घाससुद्धा मांडीपासून वळसा घेत तोंडाकडं जायचा. मामी कपाळाला हात लावून म्हणायच्या, "जेवताना तरी हात सरळ ठेवा की!" पण खरी कमाल कळंब्याच्या तळ्यावर व्हायची. मामा घरच्या म्हशीला पोटापासून पाठीपर्यंत एकेका झटक्यात घासायचे, तेही एकाच बाजूनं, कारण दुसरी बाजू बॅकहँडची. वर्षभर ती गरीब म्हैस एका अंगानं आरशासारखी लखलखत आणि दुसऱ्या अंगानं चिखलानं माखलेली गावभर हिंडली.

स्पर्धेचा दिवस आला. चाचांनी कट दिला, मामा बसले, उठले आणि चेंडू टेबल ओलांडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आदळला. दुसराही तसाच गेला, तिसराही. सगळे खो खो हसत होते. मी तर शरमेनं खाली बघत होतो. मामांनी मात्र हळूच बॅट खाली ठेवली.

"चाचा, चेंडूत कट न्हाय, म्हणून त्यो उडतोय. मनगटाला काय झालंय?"

"काय न्हाय पैलवान, तुमी खेळा की," चाचा म्हणाले. मग आवाज उतरला. "आता कात्री बी धरवत न्हाय."

मी मामांच्या कानात पुटपुटलो, "नुसतं ढकललंत तरी जिंकाल."

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला पळून जावंसं वाटलं. "दुखऱ्या गड्याला चीत करून फेटा बांधू व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून मामा रोज सकाळी कोमट तेलाची वाटी घेऊन चाचांच्या दुकानात. तालमीतली मालिश ती! "पैलवान, मनगाट हाय, मांडी न्हाय!" ही चाचांची किंकाळी चौकापर्यंत ऐकू यायची. संध्याकाळी दोघं हळूहळू खेळायचे. असे कितीतरी महिने गेले आणि एके दिवशी चाचांची बॅट चेंडूखालून सर्रकन गेली. मामा बसले, उठले, आणि चेंडू थेट जाळीत!

"आला! कट आला!" मामांनी बॅट फेकली आणि चाचांना खांद्यावर उचलून खोलीभर नाचवलं. गुण गमावून इतका आनंदलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मामांनी चाचांना कधी हरवलं का, ते मी विचारलंच नाही, आणि आता विचारायला दोघांपैकी कुणीच उरलेलं नाही. फार आठवण येते त्यांची. कळंब्याकडं गेलो आणि तळ्यावर एखादी स्वच्छ धुतलेली म्हैस दिसली, की मी अजूनही वळसा घालून तिची दुसरी बाजू बघून येतो.