उपळसरीचा वास

दुपारी जेवून आडवा झालो आहे. छातीवर औषधी पेयांचा जुना ग्रंथ उघडा आहे. 'चौथा हिस्सा पाणी उरेपर्यंत उपळसरीच्या मुळ्या उकळाव्यात' ही ओळ तिसऱ्यांदा वाचता वाचता डोळे मिटतात.

परशुराम गावडेच्या सरबताच्या दुकानात मी बसलो आहे. गेल्या श्रावणात त्याला खांदा दिला, तरी तो गल्ल्यापाशी उभा आहे. फळीवर बाटल्यांच्या जागी माझ्या वाचनालयातली पुस्तकं.

"काय पंडित, अजून उकळतोयस?"

"ग्रंथात तसंच आहे."

"वहिनी पितात?"

मालती महिनाभर आजारी आहे. अन्न नको म्हणते, मागते ते फक्त परशुरामचं उपळसरीचं सरबत. मी तीनदा केलं. एक घोट घेऊन "बरं झालंय" म्हणते आणि पेला खाली ठेवते. त्याच्या दुकानात मात्र ती पेला रिकामा करून हसायची. घरी तशी हसली असेल तर मला माहीत नाही; माझं डोकं पुस्तकात असायचं.

आता आम्ही आमच्याच स्वयंपाकघरात आहोत. डबे कुठे आहेत हे परशुरामला न विचारता कळतं, याचा मला राग येतो. तो मुळ्या ठेचून थंड पाण्यात टाकतो आणि वर ताटली झाकतो.

"रात्रभर राहू दे. सकाळी गाळून साखरेच्या गार पाकात घाल. उकळलंस की वास उडाला."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

"पिऊन झाल्यावर ती तुला काय म्हणायची?"

तो हसतो. "घरात आहेत की. विचार त्यांनाच."

तो हातातला सरबताचा पेला माझ्या ग्रंथावरच ठेवतो. मी ओरडतो आणि जागा होतो.

ग्रंथ छातीवरच आहे. 'उकळाव्यात' या शब्दावर पेल्याच्या बुडाचं ओलं, तपकिरी वर्तुळ.

मालती भिंतीला धरत दारात येते.

"अहो, ओरडलात का?" ती थबकते, खोल श्वास घेते. कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर भूक दिसते. "हा वास तर परशुरामभाऊजींच्या..."

"उद्या सकाळी देतो तुला," मी घाईने म्हणतो आणि पुस्तक मिटतो. "ग्रंथात सापडलं."