दादाची नजर तपासली तेव्हा

पनवेलला पुणे रस्त्यावर एका शेठची ट्रकची पेढी होती. साठ सालानंतर काही वर्षं मी तिथं कारकून होतो. कुठल्या ड्रायव्हरचं लायसन कधी संपतं, कोण किती तास चाकावर बसला, घाट उतरून आल्यावर त्याला झोप मिळाली की नाही, हे सगळं रजिस्टरात लिहून ठेवायचं माझं काम. सरकारी इन्स्पेक्टर कधीही येऊन ते बघायला मागायचा. शेठच्या मते हे नुसते कागदी घोडे. मी मात्र विश्रांती न घेतलेल्या माणसाला गाडी देत नसे, मग माल सडो की शेठ ओरडो. ड्रायव्हर मला पाठीमागे ‘सासूबाई’ म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्या ड्रायव्हरांत सगळ्यांत जुना माझा सख्खा मोठा भाऊ. आम्ही गव्हाणचे आगरी. आईबाप लवकर गेले. दादानं मिठागरात पाट्या वाहिल्या, मग क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, आणि त्या पैशांवर मला मॅट्रिक केलं. स्वतः शाळेत गेलाच नाही. इंग्रजी अक्षरं नि आकडे तो गाड्यांच्या नंबरांवरून शिकला. पेढीवर मला चिकटवलं तेही त्यानंच. बोरघाट त्याला घरच्या ओट्यासारखा. गाडी सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि नकोही होतं.

एका रविवारी त्याच्याकडे जेवायला बसलो होतो. वहिनीनं पाल्याचं कालवण केलं होतं. पाला मासा चवीला फार चांगला, पण नुसता काट्यांनी भरलेला. बघतो तर वहिनी दादाच्या ताटात बोटं घालून एकेक काटा काढत होती, लेकराला भरवताना काढावा तसा. जन्मभर मासे खाल्लेल्या आगरी माणसाचे काटे बायको काढते? मी म्हणालो, “काय दादा, परत नवरदेव झालास वाटतं?”

कोणी हसलं नाही. वहिनीचा हात तेवढा थांबला. अख्ख्या पेढीच्या चुका काढणारा मी, आणि दिव्याखाली हा एवढा अंधार. पुढं मुंबईच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला, गेलेली नजर परत यायची नाही म्हणाला. पण मला ते त्या ताटावरच कळलं होतं.

निघताना वहिनी मागच्या दारी आली. “भावजी, यंदाची लायसनची तेवढी सई करा. गाडी गेली तर हे जगायचे नाय.”

मी नुसतीच मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाही माहीत नव्हतं.

दादाचं लायसन त्याच महिन्यात संपत होतं. नवं करायच्या आधी पेढीवर प्रत्येकाची नजर तपासायची पद्धत होती. आवारात चुन्याची रेघ मारलेली. तिच्यावर उभं राहून समोरच्या गाडीचा नंबर भर उजेडात वाचायचा. वाचला की मी रजिस्टरात सही करायची. शेठनं मला बाजूला घेतलं. “अरे, भाऊ ना तुझा? उरक की लवकर.” त्याला मोकळा ड्रायव्हर परवडत नव्हता, एवढंच.

मी दादाचीच जुनी गाडी समोर लावायला सांगितली. का सांगितली ते सगळ्यांना कळलं. ऑफिसच्या पडवीत माझ्या शेजारी चारपाच ड्रायव्हर उभे होते, त्यांतला एकही माझ्याकडे बघेना. त्या गाडीवर दादानं दहाएक वर्षं काढली होती. त्यानं रेघेवर उभं राहून नंबर घडाघडा म्हटला. मी टाक दौतीत बुडवला. घाट, त्यातली वळणं, समोरून येणाऱ्या एसट्या, सगळं डोळ्यांसमोर येत होतं. तरीही मी सही करणार होतो.

“बाला, थांब,” दादा रेघेवरूनच मला म्हणाला. “ही मी वाचली नाय. ही मना पाठ हाय. ती कालची नवीन गाडी लाव.”

कोणी जागचं हललं नाही. शेवटी त्यानंच आवाज चढवला, तेव्हा एकानं जाऊन नवी गाडी आणून उभी केली. दादानं कपाळावर हात धरला. किती वेळ तसाच बघत राहिला. मग म्हणाला, “लाल हाय. पुढचं काय दिसत नाय. लिही.”

मी लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं, आणि त्या क्षणी मला त्या नोकरीचा, कायद्याचा, माझ्या सगळ्या शिस्तीचा जीव जाईस्तोवर राग आला.

दादा उन्हातून पडवीच्या सावलीत आला. खिशातून गाडीची चावी काढली आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या हातात दिली. त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, “रडू नको, बाला. बरोबर केलंस तू.”

त्या ड्रायव्हरनं चावी घेतली आणि माझ्याकडे बघितलं. दादाचा हात खांद्यावरून उतरेपर्यंत तसाच उभा राहिला.